इंजिन गेलेली आरएक्स-८ घ्यावी का? जानेवारी ते ऑक्टोबरचा माझा अनुभव

इंग्लंडमध्ये हजार पौंडांच्या आसपास खरीखुरी स्पोर्ट्‌स कार मिळू शकते. मॅझ्डा आरएक्स-८ ही त्यातली नेहमी दिसणारी. जाहिरातीच्या शेवटी बहुतेक वेळा एक ओळ असते: ‘इंजिनचं काम करावं लागेल.’ त्या ओळीचा नेमका अर्थ काय, किती पैसे लागतात, कुठले कागद लागतात आणि सौदा कुठे सोडून द्यायचा, हे मला समजायला बरेच महिने लागले. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या दोघांनी अलीकडे याच गाडीबद्दल विचारलं, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते.

मी कॉव्हेंट्रीत राहते. लहानपण चिंचवडचं. बाबा टेल्कोत होते, पिंपरीला, इंजिन जोडणीवर. घरात गाड्यांबद्दल बोलणं हे हवापाण्याबद्दल बोलण्याइतकं रोजचं. आरएक्स-८ मला पहिल्यांदा भेटली ती इथे नोकरीला आले तेव्हा, ऑफिसच्या पार्किंगमध्ये. मागचे दरवाजे उलट्या बाजूला उघडणारे, चार माणसांची बसायची सोय, आणि आवाज असा की लांबूनच ओळखू यावा. तेव्हापासून मनात होती.

जानेवारी २०२५ मध्ये लेस्टरजवळची एक जाहिरात दिसली. २००७ ची, २३१ हॉर्सपॉवरची, अठ्ठ्याहत्तर हजार मैल चाललेली, किंमत ११०० पौंड. ‘थंड असताना लगेच चालू होते, गरम असताना त्रास देते’ असं मालकाने सरळ लिहिलं होतं. ही गाडी ओळखणाऱ्या माणसाला हे एक वाक्य पुरतं.

पहिलं काम घरबसल्या आणि फुकट होतं. इथे गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला की तिच्या वार्षिक तपासणीचा, म्हणजे एमओटीचा, सगळा इतिहास दिसतो: दर वर्षी किती मैल झाले, पास झाली की नापास, आणि पास झाली तरी तपासनिसाने काय काय शेरे मारले. ते शेरे नीट वाचा. त्या गाडीच्या शेऱ्यांत दोन वर्षं लागोपाठ ‘मागच्या बाजूला सिलला गंज’ असं होतं. सिल म्हणजे दरवाजाखालून पुढून मागे जाणारी पत्र्याची पेटी. गाडीचा भार तिच्यावर असतो. तेव्हा मी ते वाचलं, वहीत लिहिलं आणि पुढे इंजिनच्याच विचारात राहिले.

रात्री बाबांना फोन केला.

“बाबा, यात पिस्टन नाहीत.”

“पिस्टन नाहीत म्हणजे?”

मग मी समजावलं. वँकेल, म्हणजे रोटरी, इंजिन. मधे किंचित दबलेल्या अंड्याच्या आकाराचं एक घर, त्याला हाउसिंग म्हणतात. त्यात तीन कोपऱ्यांचा रोटर फिरतो. प्रत्येक कोपऱ्यावर एक सील असतं, एपेक्स सील, आणि ते हाउसिंगच्या आतल्या क्रोमच्या थरावर घासत फिरतं. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. असे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, मिळून १३०८. एवढ्याशा इंजिनातून २३१ हॉर्सपॉवर, तेही ८२०० आरपीएमला. या इंजिनाला २००३ मध्ये जगातलं त्या वर्षीचं सर्वोत्तम इंजिन म्हणून पुरस्कार मिळाला होता.

“आणि त्या एपेक्स सीलांना तेल कुठून मिळतं?”

“इंजिन मुद्दाम थोडं ऑइल आत सोडतं आणि जाळतं.”

“म्हणजे ऑइल कमी झालं आणि मालकाने बघितलंच नाही, की सीलं गेली.”

“हो.”

“आमच्या पिस्टनच्या रिंगा झिजतात तसंच झालं. बरं, मला सांग, इंजिन गेलंय हे तो माणूस स्वतःच सांगतोय ना? मग तू इंजिन बघायला जाऊ नकोस. इंजिन तर तू बदलणारच आहेस. उरलेली गाडी बघायला जा.”

माझा सगळा निर्णय पुढे या एका वाक्याभोवती फिरला. पण ते पुरतं उमगायला त्या गाडीच्या खाली जाऊन बघावं लागलं.

१ फेब्रुवारीला, शनिवारी, मी आणि नवरा लेस्टरला गेलो. मालक तरुण मुलगा होता, अगदी सरळ. येण्याआधी गाडी चालू करू नकोस असं मी त्याला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. हात लावून बघितलं, बॉनेट गार होतं. थंड असताना गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. पंचवीस मिनिटं फिरवून आणली, बंद केली, दहा मिनिटं थांबलो आणि पुन्हा किल्ली फिरवली. स्टार्टर फिरत राहिला, इंजिन काही पकडेना.

याचं कारण सोपं आहे. एपेक्स सीलं झिजली की कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबलेल्या हवेचा दाब, घटतं. थंड इंजिनात जाडसर ऑइल थोडीफार फट भरून काढतं, गरम झालं की ते पातळ होतं आणि तेवढाही आधार जातो. काही जण अशा गाडीला जास्त वेगाने फिरणारा स्टार्टर बसवतात, म्हणजे कमी कॉम्प्रेशनवरही ती गरम असताना चालू होते. तो स्टार्टर मुळात चांगलाच भाग आहे, मॅझ्डानेही पुढे सुधारित स्टार्टर दिला. पण गरम गाडी छान चालू झाली एवढ्यावर इंजिन चांगलं मानू नका; स्टार्टर कधी बदलला हे विचारा.

आणखी एक गोष्ट ही गाडी बघायला जाणाऱ्याला माहीत हवी. थंड इंजिन चालू करून गाडी चार फूट हलवली आणि लगेच बंद केली तर स्पार्क प्लग पेट्रोलने भिजतात आणि ती पुन्हा चालू होत नाही. इंजिन गेलं असं वाटतं, पण गेलेलं नसतं. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर फिरवला की पेट्रोल येणं थांबतं आणि आतलं बाहेर निघून जातं. तेवढ्याने बऱ्याच गाड्या जाग्या होतात. तसंच, ऑइलच्या झाकणाखाली दिसणारा पिवळसर साय आल्यासारखा थर इतर गाड्यांत हेड गॅस्केट गेल्याची, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची, भीती घालतो, या गाडीत तो थंडीच्या दिवसांत सर्रास दिसतो.

खरं-खोटं ठरतं ते कॉम्प्रेशनच्या आकड्यांवर. नेहमीचं गेज इथे चालत नाही, कारण एका रोटरला तीन बाजू असतात आणि ते गेज त्यातला फक्त सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतं. रोटरी इंजिनसाठी वेगळं यंत्र लागतं. ते तिन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे देतं. दोन रोटर, म्हणजे सहा आकडे. स्टार्टर जोरात फिरला तर आकडे फुगतात, म्हणून ते २५० आरपीएमच्या हिशेबात आणून वाचायचे. नवं इंजिन साधारण ८.३ बार दाखवतं, मॅझ्डाची किमान मर्यादा ६.८ आहे. एकाच रोटरच्या बाजूंमध्ये दीड बारपेक्षा जास्त आणि दोन रोटरमध्ये एक बारपेक्षा जास्त फरक नको.

घरी येऊन चाचणी करणारा एक रोटरीवाला मला सापडला. त्याला वेळ मिळायला दोनेक आठवडे गेले. पंचाहत्तर पौंड मी दिले, मालक आनंदाने तयार झाला. पुढचा रोटर ५.१, ५.०, ५.३. मागचा ६.२, ६.०, ६.३. दोन्ही मर्यादेखाली. कागदावर त्याने यंत्राचा वेग आणि गाडीचा नंबर लिहून सही करून दिली. अशी सही असलेला कागद मागून घ्यायलाच हवा. नुसतं तोंडी ‘कॉम्प्रेशन बरं आहे’ याला काही किंमत नाही.

त्याच दिवशी मी त्याला मागची चाकं जॅकवर चढवायला सांगितली. हातात टॉर्च घेऊन मी सिलच्या आतल्या बाजूला, मागच्या चाकाच्या पुढे, बघितलं. बाहेरून रंग चकचकीत होता. आतून पत्रा फुगला होता आणि एका जागी पेचकसाचं टोक सहज आत गेलं. दोन्ही बाजूंना तीच गत. मला तिथेच, त्या ओल्या फरशीवर, रडू आलं. गाडी इतकी सुंदर दिसत होती.

तरीही लगेच नाही म्हणाले नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस मी सगळे दर काढले. रोटरीचं काम करणाऱ्या दोन गॅरेजांकडून इंजिन खोलून पुन्हा बांधण्याचा लेखी अंदाज मागवला. २० टक्के व्हॅट धरून दोन्ही साडेचार हजार पौंडांच्या अलीकडे-पलीकडे आले. दोघांनीही एकच अट घातली: हाउसिंग पुन्हा वापरण्याजोगं निघालं तर हा दर, नाही तर जास्त. रांग दोन महिन्यांची. भंगारवाल्याकडचं जुनं इंजिन सातशे-आठशे पौंडांत मिळत होतं, पण त्याचे सहा आकडे कुणी द्यायला तयार नव्हतं. आकडे नसलेलं जुनं रोटरी इंजिन मी घेणार नाही हे तेव्हाच ठरवलं, कारण इंजिन चांगलं निघो वा वाईट, काढण्या-बसवण्याची मजुरी तेवढीच लागते. सिलचा पत्रा कापून नवा वेल्ड करण्याचे दोन्ही बाजूंचे दोन हजारांवर सांगितले, आणि आणखी किती गंज निघेल ते उघडल्यावरच कळेल, असंही.

मग रोड टॅक्स. याबद्दल मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. इथे २००१ ते २०१७ दरम्यानच्या गाड्यांचा टॅक्स दर किलोमीटरला निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या ग्रॅमवर ठरतो. या गाडीचा धूर २२५ ग्रॅमच्या खूप वर आहे. पण २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेल्या अशा गाड्यांना ‘के’ या गटापुरती मर्यादा आहे. त्यानंतर नोंदलेली गाडी सरळ सगळ्यात वरच्या गटात जाते. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात के गटाला ४३० पौंड होते, सगळ्यात वरच्या ‘एम’ गटाला ७६०. गाडी तीच, इंजिन तेच, नोंदणीच्या तारखेमुळे त्या वर्षी ३३० पौंडांचा फरक. लेस्टरची गाडी २००७ ची होती. गाडी किती सालची हे विचारून भागत नाही, लॉगबुकवरची, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरची, पहिल्या नोंदणीची तारीख बघा.

नवरा शांतपणे म्हणाला, “आकडा आधी ठरव. गाडी बघितल्यावर ठरवलास तर तो वाढतच जाईल.” आम्ही सात हजार पौंड ठरवले. गाडी, इंजिन, टायर, ब्रेक, तपासण्या, सगळं त्यात. विमा आणि टॅक्स वेगळे. लेस्टरची गाडी मालकाने पाचशेला दिली असती तरी बसत नव्हती. त्याला फोन करून नाही सांगितलं आणि चाचणीचा कागद त्याला ठेवायला दिला. पुढच्या माणसाला उपयोग होईल.

इथे आणखी एक मार्ग होता आणि तो मी नीट तपासला. कुणीतरी आधीच इंजिन बांधून घेतलेली गाडी साडेतीन-चार हजारांत मिळते. ज्याला फक्त पैशाच्या दृष्टीने विचार करायचा आहे त्याने तीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बांधणीचा सगळा खर्च आधीच्या मालकाने सोसलेला असतो. फक्त दोन गोष्टी हव्यात: गॅरेजच्या नावाची पावती, कुठले भाग नवे टाकले ते लिहिलेली, आणि हल्लीचे सहा आकडे. मी बघितलेल्यांपैकी एकाकडे पावती होती पण आकडे घ्यायला त्याचा नकार होता, दुसऱ्याकडे ‘मित्राने बांधलं’ एवढंच होतं. मला इंजिन कुणी, कधी, कशाने बांधलं हे माहीत असलेली गाडी हवी होती आणि त्यासाठी जास्त पैसे मोजायची माझी तयारी होती. विकताना ते परत येणार नाहीत हे मला आणि नवऱ्याला दोघांनाही माहीत होतं.

मार्चच्या शेवटी श्रूजबरीकडची एक जाहिरात आली. फोटो दोनच. ऑक्टोबर २००५ ची नोंदणी, २३१, सहा गिअरची. ‘चालू होत नाही, बरीच वर्षं गॅरेजमध्ये उभी आहे’, किंमत ६५० पौंड. फोनवर एक बाई होत्या. गाडी त्यांच्या वडिलांची होती, ते मागच्या वर्षी वारले.

१२ एप्रिलला गेलो. यावेळी बॉनेट सगळ्यात शेवटी उघडलं. आधी खाली. सिल, आतून-बाहेरून, दोन्ही बाजूंनी. जॅक लावायच्या जागा. मागच्या सब-फ्रेमचे, म्हणजे मागची चाकं धरणाऱ्या चौकटीचे, जोड. डिकी उघडून चटईखालचा पत्रा. त्या गृहस्थांनी गाडी खालून मेणाचं संरक्षण देऊन घेतलं होतं आणि त्याची पावती फाइलमध्ये होती. पत्रा ठणठणीत. ब्रेक मात्र आवळून बसले होते, आणि टायरवर खूप वर्षांपूर्वीची तारीख. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक असली तरी ते बघा.

मग इंजिन. चालू होत नसलेल्या गाडीत एकच प्रश्न विचारायचा असतो: ते हाताने फिरतं का? पूर्ण जाम झालं असेल तर आत काहीतरी मोडलंय किंवा गंजलंय, आणि मग हाउसिंग, रोटर काहीच परत वापरता येत नाही. प्लग काढून, पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून नवऱ्याने सावकाश फिरवलं. फिरलं. प्लगच्या भोकातून येणारा फुस्स आवाज पुढच्या बाजूला तीनदा सारखा आला, मागच्या बाजूला तीनपैकी दोन फुस्स जवळजवळ नव्हतेच. म्हणजे मागच्या रोटरच्या त्या दोन बाजूंमधलं एपेक्स सील गेलं होतं.

मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि टॉर्चने सिल दाखवली. त्यांनी मला दोनदा मागे न्यायला लावलं. “पत्रा चांगला आहे,” ते म्हणाले. “ही घे.”

आता कागद. लॉगबुकवर ज्याचं नाव असतं तो गाडीचा नोंदणीकृत ताबेदार, कायदेशीर मालक असेलच असं नाही; लॉगबुकवरच तसं छापलेलं असतं. म्हणून वीस पौंड भरून गाडीचा खासगी अहवाल काढला: कर्ज थकलेलं नाही, चोरीची नोंद नाही, विमा कंपनीने कधी मोडीत काढलेली नाही. (एस किंवा एन असा शिक्का असेल तर ती अपघातात मोडीत काढून पुन्हा रस्त्यावर आणलेली असते. एस म्हणजे सांगाड्याला इजा.) इथे लॉगबुक वारलेल्या माणसाच्या नावावर होतं. मृत्युपत्राची अंमलबजावणी त्या बाईंकडे होती, तो कागद त्यांनी स्वतःहून दाखवला. अशा वेळी नोंद ऑनलाइन होत नाही. लॉगबुकमध्ये नव्या ताबेदाराची माहिती भरून, आपलं मृताशी नातं आणि मृत्यूची तारीख लिहिलेल्या पत्रासोबत ते स्वॉन्सीला डीव्हीएलएच्या, म्हणजे गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, खास विभागाकडे पोस्टाने पाठवावं लागतं. हिरवी चिठ्ठी, म्हणजे नव्या ताबेदाराचा तुकडा, फाडून माझ्याकडे दिला. मी तिचा फोटो तिथेच काढून ठेवला. सौद्याचा कागद दोन प्रतींत लिहिला: तारीख, वेळ, मैल, रक्कम, ‘इंजिन नादुरुस्त, आहे तशी’. खासगी माणसाकडून घेताना ग्राहक कायद्याचं संरक्षण जवळजवळ नसतं. विकणाऱ्याने खोटं सांगितलेलं नसावं एवढंच. म्हणून दोघांनाही काय माहीत होतं ते कागदावर असलेलं बरं.

घासाघीस मी केली नाही. ६५० मला रास्त वाटले.

२६ एप्रिलला सपाट ट्रकवर गाडी चढवून थेट रोटरीच्या गॅरेजला नेली, १४० पौंड. एमओटी संपलेली, टॅक्स नाही, विमा नाही, अशी गाडी ओढूनसुद्धा रस्त्यावर चाक टेकवून नेऊ नये. आणि आधीच्या माणसाने केलेलं सॉर्न, म्हणजे ‘गाडी रस्त्यावर नाही’ अशी नोंद, आपल्याकडे येत नाही. तसाच त्याचा उरलेला टॅक्सही येत नाही. सॉर्न मी माझ्या नावाने पुन्हा केलं. ते फुकट असतं, पण नसेल तर दंडाचं पत्र घरी येतं.

मग वाट बघणं. मे पूर्ण गेला. लॉगबुक माझ्या नावाने आलं ते जूनच्या पहिल्या आठवड्यात. गॅरेजचा नंबर लागला जूनच्या मध्याला.

इंजिन खोललं त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. मागच्या हाउसिंगचा क्रोमचा थर एका पट्ट्यात उडाला होता आणि तुटलेल्या एपेक्स सीलच्या तुकड्याने रोटरवर चरे पाडले होते. गॅरेजवाल्याने दोन पर्याय ठेवले. एक, माझंच इंजिन ठेवून दुसरं हाउसिंग आणि रोटर शोधायचा; वेळ किती लागेल सांगता येत नाही. दोन, त्याने आधीच बांधून ठेवलेलं त्याच प्रकारचं इंजिन घ्यायचं आणि माझं जुनं त्याला द्यायचं. बसवून, व्हॅटसकट ४८५० पौंड. सोबत सहा आकड्यांचा कागद: सगळे ७.९ ते ८.२ च्या आत. बारा महिन्यांची हमी, ऑइल वेळेवर बदलल्याच्या पावत्या असतील तर.

आधीच्या अंदाजापेक्षा साडेतीनशे जास्त होते. मी एक रात्र मागितली. हिशेब पुन्हा मांडला, सात हजारांत बसत होतं, म्हणून हो म्हणाले. सुरुवातीलाच लिहून घेतलं होतं की अंदाजापलीकडचं कुठलंही काम मला फोन केल्याशिवाय करायचं नाही. ते त्यांनी पाळलं. इसार म्हणून दोनशे पौंड क्रेडिट कार्डने भरले. शंभर पौंडांहून जास्त आणि तीस हजारांपर्यंतच्या कामाचा थोडा भाग जरी क्रेडिट कार्डने भरला, तरी १९७४ च्या ग्राहक पतकायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड देणारी बँक पूर्ण कामाला गॅरेजइतकीच जबाबदार असते. एवढ्या मोठ्या रकमेला हा आधार सोडू नये.

गिअरबॉक्स खाली उतरलेलाच होता म्हणून क्लच बदलला, फक्त सुट्या भागांचे २४० पौंड. इग्निशन कॉइल आणि चारही प्लग नवे, २६०. यात हात आखडू नका: कमजोर कॉइलमुळे पेट्रोल नीट जळत नाही आणि ते पुढे जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खातं. टायर ३८०, ब्रेक २१०.

२२ जुलैला एमओटी ठरवली. सॉर्न असलेली गाडी आधी वेळ ठरवलेल्या एमओटीला चालवत नेता येते, पण विमा हवा. विमा कंपनीला फोन करून सांगितलं की इंजिन बदललंय, प्रकार तोच, सीसी तेच. त्यांनी नोंद केली, जादा पैसे लागले नाहीत. वर्षाला चार हजार मैलांची मर्यादा घेतल्यामुळे हप्ता ६९० पौंडांवर आला. एमओटीचे ५४.८५ पौंड. पास, शेरा एकही नाही. बाबांना प्रमाणपत्राचा फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं: “आकडे पाठव.” कॉम्प्रेशनचे.

यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे. इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो आणि तो लॉगबुकवर बदलून घेणं बंधनकारक आहे. त्यासाठी लॉगबुक स्वॉन्सीला पाठवावं लागतं, सोबत नव्या इंजिनची पावती. पावतीवर इंजिन नंबर, गाडीचा नंबर आणि सीसी लिहायला मी गॅरेजला आधीच सांगितलं होतं. पण लॉगबुक पोस्टात टाकण्याआधी त्यावरचा क्रमांक वापरून टॅक्स भरून घ्या, नाही तर ते परत येईपर्यंत गाडी उभी राहील. मी २२ ला संध्याकाळी ४३० पौंड भरले, सगळ्या पानांच्या प्रती काढल्या, आणि २४ जुलैला सहीच्या पोचपावतीने लॉगबुक पाठवलं. नवा नंबर छापलेलं लॉगबुक ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आलं.

लेस्टरची चाचणी आणि श्रूजबरीचा अहवाल धरून सगळा खर्च ६८८० पौंडांच्या आसपास गेला.

पहिले हजार मैल गॅरेजच्या सूचनेप्रमाणे हळू चालवले, साडेचार हजार आरपीएमच्या वर नाही. ते पूर्ण झाले सप्टेंबरमध्ये, पीक डिस्ट्रिक्टच्या रस्त्यांवर. ऑइल बदललं, पावती फाइलला लावली. त्यानंतर पहिल्यांदा आठ हजारांच्या पुढे नेली. मुलगी मागे बसली होती, ती ओरडली, “आई, अजून!” इतकं सलग, इतकं हलकं वर चढणारं इंजिन मी दुसरं चालवलेलं नाही.

पेट्रोल गॅलनला जेमतेम एकोणीस मैल देतं, म्हणून कामावर मी अजूनही बसनेच जाते. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघते आणि गाडीत एक लिटर ऑइल ठेवते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते पत्र्याला खातं, म्हणून त्या महिन्यांत गाडी घरामागच्या गॅरेजमध्ये सॉर्न करून ठेवणार आहे. उरलेल्या पूर्ण महिन्यांचा टॅक्स परत मिळतो. त्याआधी खालून मेण मारून घ्यायचं आहे. त्याची वेळ २८ ऑक्टोबरची मिळाली आहे.